पिवळी पडलेली कॅप

१

दवाखान्याचं दार ढकलताच डॉक्टरबाईंच्या कानावर रडणं आलं आणि त्यांचं टाळकं फिरलं. दाताच्या दवाखान्यात रडण्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण हे रडणं पेशंटचं नव्हतं, ताईचं होतं.

ताई म्हणजे इथली मदतनीस. तिच्याहून थोरले पेशंटही तिला ताईच म्हणत. डॉक्टरबाईंनी दवाखाना थाटला तेव्हापासून ती त्यांच्या उजव्या हाताला उभी असायची. पुढे तोच उजवा हात कापायला लागला म्हणून डॉक्टरबाईंनी भाच्याला खुर्ची दिली, तेव्हा खुर्चीबरोबर ताईही दिली. भल्याभल्या पुरुषांना 'आ करा, नाटकं नकोत' म्हणून दरडावणारी ही बाई आज हत्यारं धुवायच्या सिंकपाशी नळ मोठा सोडून रडत होती. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ.

"बरं झालं आलीस, आत्या," भाचा आतून आला. सगळे त्याला धाकटे डॉक्टर म्हणत. "मी फोनच करणार होतो. चल, आधी ही बघ."

खुर्चीत एक मुलगी तोंडाला रुमाल लावून बसली होती. मोठ्या हॉटेलात दाराशी पाहुण्यांचं स्वागत करायला उभी राहणारी. काउंटरवरच्या सगळ्यांनी दात पांढरे करून घ्यावेत, असं तिच्या मॅनेजरने फर्मान काढलं होतं. पाहुण्यांना दात दाखवायचाच तुम्हाला पगार मिळतो, असंही वर म्हणाला होता म्हणे. डॉक्टरबाईंनी त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात एक शिवी घातली आणि मुलीचा ओठ हलकेच वर केला. हिरड्यांची कड भाजून पांढरी पडली होती, तापल्या दुधावर साय धरावी तशी. मुलगी कळवळली. नुसता वारा लागला तरी दातांतून कळ डोक्यात जाते, असं तिने खुणेनेच सांगितलं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या दवाखान्यात दात पांढरे करायची जेलं दोन. एक सौम्य, कपाटात ठेवलेलं. ते सिरिंजमध्ये भरलेलं येतं, पेशंट घरी नेतो आणि आपल्या दातांच्या मापाच्या पातळ ट्रेमध्ये घालून झोपताना लावतो. त्याने सावकाश, काही आठवड्यांनी फरक पडतो. दुसरं जहाल. ते फ्रिजमध्ये असतं आणि हिरड्यांवर जाड लेप चढवून, इथेच खुर्चीत, डॉक्टरनेच लावायचं असतं. तसलं जेल उघड्या हिरडीला लागलं की असं होतं.

"घरी नेलेल्या सिरिंजमध्ये हे आलं कुठून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

धाकट्या डॉक्टरने बोलायच्या ऐवजी फ्रिज उघडला. खोक्यात जुळ्या नळ्यांच्या सिरिंज ओळीने मांडून ठेवल्या होत्या आणि एक खाच रिकामी होती.

"मी नाही काढली," तो म्हणाला. "या दवाखान्यात माणसं दोनच. लवकर फरक दिसावा म्हणून हिने अतिशहाणपणा केला आणि फ्रिजमधलं जेल जुन्या सिरिंजमध्ये भरून दिलं. संध्याकाळपर्यंत हिने या मुलीसमोर चूक कबूल करावी आणि निघून जावं. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल. माझ्या नावाचा प्रश्न आहे."

नळ बंद झाला. ताई दारात येऊन उभी राहिली.

"डॉक्टरबाई, फ्रिजला हात लावला असेल तर तो झडून पडेल माझा. सिरिंज मीच दिली, कपाटातली दिली. पण..."

ती धाकट्या डॉक्टरकडे बघून गप्प झाली. त्या 'पण'च्या पुढे ती काही केल्या जाईना.

२

डॉक्टरबाईंनी दोघांना बाहेर घालवलं आणि मुलीपाशी स्टूल ओढून बसल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांना 'मिरची' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पण दुखणाऱ्या माणसाशी बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. कोमट पाण्याने चूळ भरायला दिली, हिरड्यांना थंडावा देणारं मलम लावलं, दातांची शिवशिव कमी करणारं औषध दातांवर चोळलं, आणि मग एकेक प्रश्न विचारला.

मुलीने जे सांगितलं ते असं. पहिली सिरिंज तिने अख्खी वापरली होती. थोडे दात शिवशिवले, पण तेवढं होतं असं ताईंनी आधीच बजावलं होतं. काल सकाळी ती दुसरी घेऊन गेली. झोपताना ट्रेमध्ये घातली आणि तोंडात ठेवली, तर जाळ पेटल्यासारखं झालं. तिला वाटलं, असंच असेल, सहन करावं. उद्या सकाळी कामावर उभं राहायचं होतं ना. शेवटी सहन होईना तेव्हा काढली.

"असंच असेल, सहन करावं," डॉक्टरबाई स्वतःशीच पुटपुटल्या. बायकांना हे कोण शिकवतं कोण जाणे, आणि जो शिकवतो तो एकदा समोर यायला हवा.

सिरिंज तिने पर्समध्ये आणली होती. एकाच नळीची, घरी द्यायची असते तशीच. डॉक्टरबाईंनी ती खिडकीपाशी धरली. नळीवरच्या छापील रेघा निम्म्या पुसट झाल्या होत्या. दट्ट्या दाबला तर जेल सरळ धारेने येईना. मध्येच फुसफुसून थांबे आणि मग भसकन बाहेर पडे.

"पहिलीचं असं होत होतं?"

"नाही मॅडम. ती गुळगुळीत होती. आणि तिला पुदिन्याचा वास होता. हिला वासच नव्हता."

म्हणजे ही हाताने भरलेली. कारखान्यात भरलेल्या सिरिंजमध्ये हवा राहत नाही, घरी कुणी बरणीतून भरली तर बुडबुडे राहतातच. एवढं तर लोणच्याची बरणी भरणाऱ्यालाही कळतं. पण मग भरली कुणी?

"पहिली रिकामी झालेली सिरिंज काय केलीस? फेकलीस?"

"नाही, परत आणून दिली. जुनी दिल्याशिवाय नवी मिळत नाही इथे. कचरा कमी व्हावा म्हणून, असं सांगितलं होतं."

"दिलीस कुणाला?"

मुलगी घुटमळली. आपल्या बोलण्याने कुणाचा तरी घात होणार, हे तिला दिसत होतं.

"ताईंना," ती म्हणाली.

३

डॉक्टरबाई तरातरा भाच्याच्या केबिनमध्ये गेल्या. जाताना वाटेत भिंतभर फोटो लागले. हसरे चेहरे, प्रत्येकाचे दोन दोन फोटो, आधीचा पिवळा आणि नंतरचा पांढरा, आणि वर मोठी पाटी: 'आठवड्यात शुभ्र हास्य'. त्यांच्या काळी या भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं. ते कुठे गेलं, हे त्यांनी पूर्वीच विचारलं होतं. उत्तर मिळालं नव्हतं.

केबिनमध्ये उकडत होतं. एवढ्या उकाड्यात एसी बंद.

"सर्दी झाली आहे," धाकटा डॉक्टर म्हणाला. बोलताना ओठ मिटते ठेवायची त्याला हल्ली सवय लागली होती. समोर चहाचा कप होता. वाफ पार जाऊन त्यावर साय धरली, तेव्हा कुठे त्याने तो उचलला आणि दातांना न लागेल अशा बेताने घोट घेतला.

त्यांनी सिरिंजचं विचारलं. त्याने कपाट उघडून दाखवलं. सौम्य जेलची खोकी हारीने लावलेली होती. माल एजंटकडून येतो, आजही तो यायचा आहे, त्यालाच विचार, असं तो म्हणाला. जुन्या सिरिंज परत घेण्याबद्दल विचारलं तर ती ताईचीच कल्पना, आपल्याला असल्या बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालायला वेळ कुठे, असं म्हणून त्याने हात झटकले.

"ती इतकी वर्षं आहे इथे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणूनच सोकावली. तू लाडावून ठेवलीस." मग त्याने आवाज मऊ केला. "आत्या, रागावू नकोस, पण एक सांगायचं होतं. तू बसवलेली ती कॅप पार पिवळी पडली बघ. फोटोत डोळ्यात भरते. कधीतरी नवी करायला हवी."

डॉक्टरबाईंनी पाहिलं, आणि कुणी तोंडात मारावं तसं झालं. खरंच होतं. पुढच्या दातांत तो एकच दात मळकट दिसत होता.

हा मुलगा शाळेत असताना सायकलवरून पडला आणि पुढचा दात मुळाशी मोडला. तो मोठा झाल्यावर कॅप त्यांनीच बसवली. रंगाच्या नमुन्यांची पट्टी घेऊन, त्याला उन्हाकडे तोंड करून उभं करून, रंग जुळेपर्यंत त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला होता. पुढे त्याच्याशी बोलताना त्यांची नजर आधी त्या दाताकडे जायची, शिंप्याची आपण घातलेल्या टाक्याकडे जावी तशी. गेल्याच महिन्यात वहिनीकडे जेवताना तो खदखदून हसला होता, आणि बसवलेला दात कोणता हे त्यांचं त्यांनाच ओळखता आलं नव्हतं. तेव्हा किती बरं वाटलं होतं.

आणि आता हे. हात गेला तो गेला, आता केलेलं कामही नासायला लागलं. ताईची बाजू घ्यायला आलेल्या डॉक्टरबाई मान खाली घालून केबिनबाहेर पडल्या. 'तुझं आता काही खरं नाही' असं आपल्याला गोड शब्दांत सांगितलं गेलं, एवढंच त्या क्षणी त्यांना कळलं.

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसत होतं. त्याचे दात इतके पांढरे होते की डॉक्टरबाई जागीच थांबल्या.

४

तो एजंट होता. हातात बर्फ घातलेला सोडा, बगलेत नमुन्यांची बॅग. बोलता बोलता तो बर्फाचा खडा दाढेखाली घेऊन कडाकडा फोडत होता. ते ऐकून खुर्चीतल्या मुलीने आत कान झाकून घेतले.

डॉक्टरबाईंना या माणसाचा पहिल्यापासून संशय होता. माल त्याचा, तेव्हा भेसळही त्याचीच असायची. त्यांनी आडपडदा न ठेवता सिरिंज त्याच्या नाकासमोर धरली.

"हे तुमचं?"

त्याने नळी निरखली, उलटीसुलटी केली. नळी आमचीच, पण आतलं आमचं नाही, असं तो म्हणाला. आमच्या जेलला वास असतो. आणि नळीवरच्या रेघा अशा पुसटत नाहीत, कुणी घासून धुतल्याशिवाय.

"दात तुमचे फार पांढरे आहेत. कुठलं जेल?"

एजंट पुन्हा हसला आणि जवळ सरकून, कुणी ऐकत नाही ना असं बघून म्हणाला, "मॅडम, तुमच्यापासून काय लपवायचं. पुढच्या सगळ्या कॅप आहेत. मूळचे दात माझे तुमच्या लाकडी कपाटासारखे. जेलने तेवढे पांढरे होत असते तर मी स्वतः नसतं का वापरलं?"

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, ते हे असे. डॉक्टरबाईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. कारण जाता जाता तो सहज एक वाक्य बोलून गेला.

"डॉक्टरांना तेवढं सांगा मॅडम, आमच्यावर काही राग आहे का. घरी द्यायचं जेल त्यांनी माझ्याकडून घेणं काही आठवड्यांपासून बंद केलंय. फ्रिजमधलं तेवढं नेतात, तेही क्वचित."

डॉक्टरबाईंनी त्याला थांबवून घेतलं. मग त्या वळल्या आणि काचेतून कपाटाकडे बघत राहिल्या. एजंट माल देत नाही आणि कपाट भरलेलं. हा माल पिकतो कुठे?

५

ताई हत्यारं पुसत बसली होती. काढून टाकणार असले तरी आजची हत्यारं स्वच्छ ठेवायला हवीत, हा तिचा हिशोब. डॉक्टरबाईंनी आतून कडी घातली.

"आता ते 'पण' बोल. रडू नकोस. रडलीस तर मी जाईन."

ताई बोलली. परत आलेल्या सिरिंज धुवून, उकळत्या पाण्यातून काढून ठेवायचं काम तिचं होतं. धाकट्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कंपनी त्या परत नेते. ती धुवायची, सुकवायची, केबिनच्या आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. त्या खोलीची किल्ली डॉक्टरांकडे. पुढे काय व्हायचं ते तिने कधी पाहिलं नाही. पण कपाटात नव्या सिरिंज आल्या की त्यांतल्या एखादीवर तिला आपल्याच घासणीचा ओरखडा दिसायचा.

"आणि तू गप्प बसलीस?"

"काय बोलू? धुतल्या मीच. देते मीच. सांगितलं असतं तर म्हणाले असते, भरल्याही हिनेच. आज तेच म्हणतायत. आणि मला वाटायचं, भरत असतील, पण तेच सौम्य असेल ना. डॉक्टर आहेत ते. आपल्या हाताखाली वाढलेलं पोर."

डॉक्टरबाईंना तिचाही राग आला, आणि तो त्यांनी बोलून दाखवला. तुला दिसत होतं आणि तू गिळून बसलीस, तिकडे पोरीची हिरडी जळाली, असं त्या म्हणाल्या. ताईने मान खाली घातली. ते खरं होतं.

पण हाही पुरावा नव्हता. दवाखान्यात माणसं दोन. एक म्हणतो हिने भरलं, दुसरी म्हणते त्याने. खोलीत जाऊन बरणी शोधली तरी तो म्हणणार, हिनेच आणून ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला तो मोकळा. डॉक्टरबाईंनी चिडून समोरचा खण ओढला, आणि त्यात त्यांची जुनी रंगपट्टी हाताला लागली.

खोट्या दातांची ओळ, गडद पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. भाच्याची कॅप ज्या नमुन्यावरून केली तो त्यांना पाठ होता. तो नमुना त्यांनी उजेडात धरला. इतकी वर्षं खणात पडून त्याचा रंग होता तस्सा होता. असणारच. ही चिनीमातीसारखी भाजलेली वस्तू, चहाच्या कपाचा रंग कधी उतरतो?

त्यांचा कापणारा हात एकदम स्थिर झाला.

"ताई," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना आत बोलाव. त्या एजंटलासुद्धा. आणि तुझ्या डॉक्टरांसाठी एक ग्लास गार पाणी आण, बर्फ घालून."

६

मुलगी खुर्चीत, एजंट दाराशी, ताई सिंकपाशी. धाकटा डॉक्टर हाताची घडी घालून उभा होता. गार पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर आला, त्याने तो घेतला आणि न पिता टेबलावर ठेवला.

"फ्रिजपासून सुरू करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या सिरिंजला जुळ्या नळ्या का असतात, ते सांग यांना."

मग त्याची वाट न बघता त्यांनीच सांगितलं. दोन नळ्यांतलं जेल टोकाशी एकत्र आलं की त्याला जोर चढतो, आणि तो जोर थोड्याच वेळात उतरतो. म्हणून ते खुर्चीतच मिसळतात आणि लगेच लावतात. या मुलीने सिरिंज सकाळी नेली आणि लावली झोपताना. फ्रिजमधलं मिसळून भरलेलं असतं तर तोवर ते मेलं असतं. तेव्हा हिला भाजलं ते फ्रिजमधल्या जेलने नाही. हे डॉक्टरला माहीत असायलाच हवं, आणि तरी फ्रिजमधली खाच पुढे केली ती डॉक्टरनेच.

"अंदाज चुकला असेल माझा," तो म्हणाला.

"चुकला ना? बरं. आता कॅप. तू म्हणालास, ती पिवळी पडली." डॉक्टरबाईंनी रंगपट्टीचा नमुना त्याच्या तोंडापाशी धरला. ताईने आपणहून वरचा दिवा लावला. नमुना आणि कॅप, रंग एकच होता, केसाचाही फरक नाही. "ही आहे तशीच आहे. जेल कॅपला लागू पडत नाही, भरलेल्या दातालाही नाही. फक्त खऱ्या दाताला लागू पडतं. बदलली ती कॅप नाही. बदलले ते तिच्या शेजारचे दात."

 एजंटच्या तोंडातला बर्फ तसाच राहिला.

"गेल्या महिन्यात वहिनीकडे तू हसलास तेव्हा सगळे एका रंगाचे होते. सौम्य जेलने इतक्यात एवढा फरक पडत नाही. तू जहाल लावलंस. म्हणून तुला गार सोसत नाही, गरम सोसत नाही, उकाड्यात एसी बंद आणि तोंड मिटून बोलणं. सर्दी म्हणे. आता मला एवढंच सांग, कुठलं लावलंस? फ्रिजमधलं लावलं असशील, तर त्या खाचेतली सिरिंज तुझ्या तोंडात गेली, आणि ताईवरचा आळ खोटा. ते नसेल, तर या दवाखान्यात तिसरं जेल आहे, जे तू आणलंस. दोन्हींतलं कुठलंही एक बोल. मला कुठलंही चालेल."

चोराच्या उलट्या बोंबा एरवी मोठ्या असतात. पण धाकट्या डॉक्टरची दातखीळ बसली होती.

"हे सगळे तर्क आहेत, आत्या," तो शेवटी म्हणाला. "कपाटातलं जेल सौम्यच आहे. हवं तर कुठेही तपासायला पाठव."

"पाठवायचं कशाला?" डॉक्टरबाईंनी कपाटातून एक न उघडलेलं खोकं काढलं, सिरिंज काढली. "सौम्य आहे ना? रोज पेशंटांना देता ना? मग तुम्ही दोघंही आपापल्या हिरडीला लावा. काल रात्री या मुलीने बराच वेळ तेच सोसलं. तुम्ही जरासं लावा."

ताईने क्षणभरही विचार केला नाही. पुढे येऊन तिने सिरिंज घेतली, बोटावर जेल काढलं आणि तोंड उघडून बोट ओठाशी नेलं. डॉक्टरबाईंनी झडप घालून तिचा हात धरला. जेल त्यांच्याच बोटाला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. बोट दिव्याखाली धरून त्या उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बोटाची कातडी चुणचुणत हळूहळू पांढरी पडली, खुर्चीतल्या मुलीच्या हिरड्यांसारखी.

"हिला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून हिने तोंड उघडलं. आता तू उघड."

त्याने तोंड उघडलं नाही. एक पाऊल मागे सरला, आणि त्या एका पावलाने सगळं सांगून टाकलं.

मग तो बोलायला लागला, आणि थांबेना. सौम्य जेलने लोकांना फरक दिसायला वेळ लागतो, कुणाला धीर नाही. भिंतीवर फोटो हवे होते. पाटी तर लावून बसलेला. कुठूनतरी बरणीत मिळालं, आधी स्वतःवर करून बघितलं. थोडी जळजळ झाली, दात शिवशिवले, पण रंग आला. काल भरताना बहुधा मात्रा जास्त झाली. अजून कुणाची तक्रार नव्हती. ही मुलगी आली तेव्हा फ्रिजमधली एक सिरिंज आपणच काढून लपवली.

"म्हणजे तुला स्वतःला लागलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. इतक्या वेळात त्यांचा आवाज आता पहिल्यांदा चढला. "न कळून केलं असतंस तर मूर्ख म्हणून सोडलं असतं. तुला कळ गेली, तू चहा गार करून प्यायलास, एसी बंद केलास, स्वतःच्या दातांना असं जपलंस, आणि तेच उचलून या पोरीच्या तोंडात घातलंस. आणि निस्तरायला मिळाली कोण, तर ताई."

"आत्या, घरातली गोष्ट आहे. घरातच राहू दे."

"हिच्या हिरड्या कुणाच्या घरातल्या?"

 डॉक्टरबाईंनी त्याला मुलीची आणि ताईची माफी मागायला लावली, नावापुरती नव्हे, काय काय केलं ते शब्दाशब्दाने सांगून. केबिनच्या आतल्या खोलीची किल्ली काढून घेतली. हा प्रकार दंतवैद्यांच्या परिषदेला आपणच कळवणार आणि तोवर दवाखान्याला कुलूप राहणार, असं सांगून ते कुलूप त्यांनी ताईच्या हातात दिलं. ज्या ज्या पेशंटांनी या कपाटातून सिरिंज नेली त्या सगळ्यांना, आणखी कुणी आज झोपताना ट्रे तोंडात ठेवायच्या आत, फोन करायचा होता. ताईने लगेच फोन ओढला. तिचा आवाज मूळचा, दरडावणारा झाला होता. 'ते जेल लावायचं नाही, का ते नंतर सांगते, आधी कचऱ्यात टाका', असं ती एकेकाला बजावत होती.

मुलगी जायला निघाली. ताईपाशी थांबून ती म्हणाली की मघाशी तुमचं नाव घेतलं, चुकलं. ताईने फोनवर हात ठेवून तिला कोमट पाण्याने चुळा भरायची आठवण केली. मॅनेजरला काय सांगू, असं मुलीने विचारलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याला इकडे पाठवून दे म्हटलं. त्याच्याही हिरड्या बघायच्या होत्या त्यांना.

एजंट कधीच सटकला होता. धाकटा डॉक्टर तेवढा कोपऱ्यातल्या आरशासमोर उभा होता. माणसाची खोड अशी की घर जळत असताना तो भांग पाडतो. आरशात बघत तो हळूच म्हणाला, "आत्या, एवढं झालंच आहे तर, ती कॅप तरी बदलून देशील? सगळ्यांत उठून दिसते."

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडात तेवढा एकच दात खरं बोलला. तो राहू दे."

त्यांचं बोट आता चांगलंच चुरचुरत होतं. त्या सिंकपाशी गेल्या. फोन खांद्याला धरून ताईने त्यांच्यासाठी नळ सोडला, या वेळी बारीक, आणि त्यांचं बोट धारेखाली धरून ठेवलं.